चित्राच्या मागची पेन्सिलची ओळ

या आठवड्याचं पत्र गिरगावातून आलंय. लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, आमच्या वडिलांचं गिरगावात फ्रेमचं दुकान होतं. १९६८ ला एका चित्रकाराकडे बरीच उधारी झाली होती, तेव्हा त्यांनी पैशांऐवजी बाबांना ससून डॉकचं एक वॉटरकलर दिलं. ते गृहस्थ पुढे फार मोठे झाले, १९९४ ला गेले. (नाव तुम्हाला कळवलंय, छापू नका.) बाबा २०१९ ला गेले, मृत्युपत्र नाही. आई आहे, मी, धाकटा भाऊ डोंबिवलीला, बहीण कॅनडात. आता चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीये, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची आहे. भावाच्या ओळखीतून एक आर्ट कन्सल्टंट येऊन गेला. १४ लाख देतो म्हणाला, निम्मे रोख. आधी 'चेक करायला' चित्र आठ दिवस घेऊन जाणार, घरच्यासारखं आहे म्हणे, कागदबिगद कशाला. वर प्रिंट्स काढू, त्याचे वेगळे पैसे. देवघरातलं लक्ष्मीचं चित्र बघून म्हणाला हे रवी वर्माचं ओरिजिनल आहे, तेही द्या. बहीण म्हणते विकू नका, मी कॅनडाला नेते. भाऊ माझ्यावर चिडलाय. माझं डोकं चालत नाही. – गिरगावकर"

गिरगावकर, तुमचं पत्र वाचलं आणि पहिलं काय मनात आलं सांगू, हा माणूस परत यायच्या आत उत्तर पोचलं पाहिजे. म्हणून आधी एवढंच वाचा. चित्र घराबाहेर जाऊ देऊ नका. आठ दिवस नाही, एक रात्रही नाही. बाकी सगळं निवांत वाचलंत तरी चालेल.

का ते सांगते. मी फोर्टमध्ये एका सॉलिसिटरच्या ऑफिसात बावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचण्यात घालवली, आणि चित्रांच्या भांडणात मी जे पाहिलं त्यात निम्म्याहून जास्त वेळा सुरुवात अशीच होती, विश्वासाने दिलं होतं हो. आता कायदा काय म्हणतो बघा. आपल्याला वाटतं की वस्तू माझी, मी विकली नाही, मग दुसऱ्या कोणी विकली तर ती मला परत मिळणारच. चोरीच्या बाबतीत हे साधारण खरं आहे. पण मालविक्रीचा आपला १९३० चा कायदा आहे त्यात एक अपवाद आहे, की मालकाने स्वतःच्या मर्जीने माल एखाद्या धंदेवाईक एजंटच्या हाती दिला आणि त्याने तो नेहमीच्या धंद्याच्या पद्धतीने तिसऱ्याला विकला, आणि त्या तिसऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, तर ती विक्री पक्की धरली जाऊ शकते. म्हणजे चित्र कुठल्यातरी वरळीच्या फ्लॅटमध्ये लागणार आणि तुम्ही फक्त त्या एजंटच्या मागे पैशासाठी फिरणार. विश्वासघाताची फौजदारी तक्रार करता येते, नाही असं नाही, पण पोलिस पहिला प्रश्न विचारणार की दिल्याचा पुरावा काय. घरच्यासारखं होतं, हा पुरावा नसतो.

दुसरी भीती याहून वाईट आहे आणि ती कोणी बोलत नाही. तुम्ही पाठवलेला मागच्या बाजूचा फोटो मी मोठा करून बघितला. गंजलेले चुकाखिळे, तपकिरी कागदाची पट्टी, आणि पेन्सिलने लिहिलेली ती ओळ, तुमच्या बाबांचं नाव आणि पुढे 'यांस, फ्रेमच्या हिशेबापोटी', खाली सही आणि १२-३-६८. काय सुंदर अक्षर आहे हो. पण मला सांगा, ही ओळ चित्राच्या कागदावरच मागून लिहिली आहे की फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर? फोटोत मला तरी पुठ्ठा वाटतोय. पुठ्ठ्यावर असेल तर तो पुठ्ठा काढून दुसऱ्या कुठल्याही चित्रामागे बसवता येतो. आठ दिवसांत चांगला हात असलेला माणूस वॉटरकलरची नक्कल करू शकतो, तिच्यामागे तुमच्या बाबांचा पुठ्ठा, आणि तुमच्याकडे परत येतं ते नव्या पुठ्ठ्यातलं चित्र, आणि वर म्हणणार जुना पुठ्ठा सडला होता, फुकट बदलून दिला. हा माणूस असंच करेल असं मी म्हणत नाहीये. मी त्याला ओळखत नाही. पण कागद न करता चित्र मागणाऱ्याला ही सोय आपण का करून द्यायची?

पुठ्ठ्याचं मला इतकं का लागतं तर आमच्या घरात झालंय. माझ्या मावशीकडे दादरला एक जुनं निसर्गचित्र होतं, मागे पन्नासच्या दशकातल्या प्रदर्शनाचं लेबल, लॉट नंबर, किंमत रुपये ७५ असं शाईने. तिने हौसेने नवीन फ्रेम करायला दिलं. माणसाने अगदी छान काम केलं, नवा पांढराशुभ्र बोर्ड लावला आणि जुना कचऱ्यात. पुढे विकायची वेळ आली तेव्हा जो तो विचारायचा प्रोव्हेनन्स काय, म्हणजे हे चित्र चित्रकाराच्या हातातून तुमच्यापर्यंत कसं आलं त्याची साखळी. मावशी म्हणायची लेबल होतं. होतं! कोणी हात लावला नाही शेवटी. तुमचे बाबा फ्रेमवाले होते, त्यांनी ५० वर्षं तो पुठ्ठा हलवला नाही यातच सगळं आलं.

म्हणून आता करायचं काय तर चित्र भिंतीवरून उतरवा, फ्रेम उघडू नका, दिवसाच्या उजेडात पुढून, मागून, चारही कोपरे, सही, खिळे, सगळ्याचे फोटो काढा आणि ते स्वतःलाच आणि बहिणीला ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीख राहते. काच पुसायला कॉलिन मारू नका, आत ओल जाते. माळ्यावर तर अजिबात नको, मुंबईच्या पावसाळ्यात कागदावर ते तपकिरी ठिपके याच ओलीने पडतात. आईच्या कपाटात कोरड्या चादरीत उभं ठेवा.

आणि आता पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही अगदी सहज शेवटी टाकलंय आणि मी इथे छापताना गाळलं होतं: "दुकानाच्या जुन्या खतावण्या आणि बिलबुकं तीन गोण्या आहेत, रविवारी रद्दीवाला येतोय." अहो! त्यात १९६७-६८ ची वही शोधा. या चित्रकाराच्या नावावर फ्रेमा लिहिलेल्या असतील, बाकी लिहिली असेल आणि मग कुठेतरी बाकी जमा, चित्र मिळाले, असं काहीतरी. ती एक ओळ आणि पुठ्ठ्यावरची ओळ तारखेला जुळली तर याहून चांगला पुरावा क्वचित कोणाकडे असेल. आपल्याकडे चित्र खरं असल्याचं सरकारी सर्टिफिकेट देणारं कुठलंही ऑफिस नाही. साखळी, जुने कॅटलॉग, फोटो, त्या चित्रकाराचा अभ्यास असलेली माणसं, घरचे लोक, यावरच सगळं चालतं. आणि खोट्या चित्रांचं प्रमाण काय विचारू नका, २००९ मध्ये चित्रकार रझा स्वतः दिल्लीला आपल्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले आणि भिंतीवर बघतात तर यातली बहुतेक आपली चित्रंच नाहीत. चित्रकार जिवंत, समोर उभा, तरी ही गत. तुमचे तर ९४ लाच गेले.

चित्र कोणाचं हे आता बघू, कारण भावाचं तुमच्यावर चिडणं त्यातूनच आलंय असं मला वाटतं. बाबांचं मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने आई आणि तुम्ही तिघं भावंडं, चौघांचा सारखा वाटा (आजी बाबांच्या आधीच गेल्या असं धरतेय). खोलीच्या भाडेपावतीवर कोणाचं नाव आहे त्याचा चित्राशी संबंध नाही, ते दोन वेगळे विषय आहेत, लोक हमखास गल्लत करतात. भाऊ एकटा देऊ शकत नाही, तुम्हीही एकटे अडवू शकता पण विकू शकत नाही. चौघांच्या सह्यांचं एक साधं पत्र करा की हे चित्र आमचं सामाईक आहे, कोणाशी बोलायचं ते अमुक एकाने, आणि चौघांच्या लेखी होकाराशिवाय विक्री नाही. बहिणीची सही स्कॅन करून मागवा, मूळ कागद नंतर कुरियरने येऊ दे. भावाला हे पत्र 'तुझ्यावर विश्वास नाही' म्हणून दाखवू नका, त्याच्या ओळखीचा माणूस आहे, त्याचीच उद्या पंचाईत व्हायची, असं सांगा. ते खरंही आहे.

आता १४ लाखांचं. आकडा कमी का जास्त हे मी सांगणार नाही, मी व्हॅल्यूअर, म्हणजे किंमत ठरवून देणारी, नाही. पण एवढं सांगते की पहिल्याच भेटीत, चित्र उघडून न बघता, जो ठाम आकडा बोलतो त्याच्या डोक्यात दुसरा मोठा आकडा असतो. मुंबईत लिलाव करणारी मोठी घरं आहेत, सॅफ्रनआर्ट आहे, पंडोल्स आहे, अस्तागुरू आहे, त्यांना फोटो पाठवून अंदाज विचारता येतो. दोन ठिकाणी विचारा. मात्र पेपरातले आकडे बघून हुरळून जाऊ नका. हुसेनचं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ ला न्यूयॉर्कला जवळजवळ ११८ कोटींना गेलं तेव्हा माझ्या ओळखीतल्या तीन घरांत माळे उपसले गेले. ते १९५४ चं अवाढव्य कॅनव्हास, तुमचं वहीपेक्षा थोडं मोठं वॉटरकलर, कागदावरच्या कामाचा भाव एरवीही तैलचित्रापेक्षा खूप खाली असतो. आणि पेपरात येते ती किंमत विकणाऱ्याला मिळतच नाही! हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराकडून लिलाववाले आपलं प्रीमियम घेतात, ते धरून बातमी होते. तुमच्याकडून वेगळं कमिशन, त्या कमिशनवर जीएसटी १८ टक्के. कमिशन बोलून कमी होतं, विचारायला लाजू नका. रिझर्व्ह म्हणजे याखाली विकायचं नाही ती रक्कम, ती लेखी घ्या. विम्याचं कोण बघणार, फोटोचा खर्च कोणाचा, न विकलं गेलं तर परत पोचवणार कोण, आणि पैसे विक्रीनंतर किती दिवसांत, हे सगळं कन्साइनमेंटच्या, म्हणजे विकण्यासाठी चित्र त्यांच्या ताब्यात देण्याच्या, करारात असतं, नसेल तर घालून घ्या. आणि त्यात एक वाक्य हवंच, पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आमची. हाच कागद तुमच्या कन्सल्टंटपुढे ठेवा, घरी येऊन चित्र बघा म्हणा, तज्ज्ञाला घेऊन या म्हणा, चहा आम्ही देतो. खरा माणूस असेल तर येईल.

निम्मे रोख हे विसरा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही, आणि पकडलं तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, तोही देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. सात लाख घेऊन सात लाख भरायचे. शिवाय तुमच्या हातात जी पावती येईल ती सातचीच, उद्या काही वाकडं झालं तर कोर्टात तुमचं चित्र सात लाखांचं. चित्रांच्या बाजारात काळा पैसा फिरतो हे इन्कम टॅक्सवाल्यांना चांगलं ठाऊक आहे, नीरव मोदीकडची चित्रं त्यांनीच २०१९ ला मुंबईत लिलावात काढून पन्नास कोटींच्या वर वसूल केले, त्यात रवी वर्मा होता, गायतोंडे होते.

आणि खरं सांगायचं तर टॅक्स एवढा भयंकर नाहीये की त्यासाठी चोरी करावी. लोकांना वाटतं घरातली वस्तू विकली तर टॅक्स कसला. फर्निचर विकलंत तर नाही, पण चित्रं, शिल्पं, दागिने हे त्या सवलतीतून बाहेर काढलेत. तुम्हाला वारशाने आलंय म्हणून बाबांकडे आलं तेव्हापासूनचा काळ धरतात, म्हणजे लाँग टर्म. दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीकिंमत वाढवून धरणं, ते २३ जुलै २०२४ पासून गेलं. बाबांनी किती दिले होते, फ्रेमची बाकी, त्याने काही होत नाही, पण २००१ च्या आधीची वस्तू असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. त्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्यूअरचा रिपोर्ट घ्या, चित्र विकायच्या आधी, नंतर तो कशाच्या जोरावर लिहिणार? समजा २००१ ची किंमत २ लाख निघाली आणि चित्र गेलं ३० ला. नफा २८, माणशी ७ लाख, त्यावर टॅक्स ८७,५०० आणि ४ टक्के सेस धरून ९१,०००. आईला दुसरं काही उत्पन्न नसेल तर तिच्या वाट्यात बेसिक सूटही बसते. बहिणीचं वेगळं, ती अनिवासी, तिच्या वाट्यावर पैसे देणाऱ्याने आधीच टीडीएस कापायचा असतो, हे लिलाववाल्यांना पहिल्याच दिवशी सांगा नाहीतर ऐनवेळी घोळ. रक्कम चौघांच्या चार खात्यांत थेट. सगळं एकाच्या खात्यात घेऊन मग वाटू, असं नको. सीए गाठा, गिरगावात दर दुसऱ्या जिन्यावर एक आहे.

प्रिंट्सचं तर नावही काढू नका. चित्राचा कागद तुमचा, चित्राचा कॉपीराइट तुमचा नाही. चित्रकाराने बाबांना चित्र दिलं म्हणून छापायचा हक्क दिला असं होत नाही, तो लेखी सही करून द्यावा लागतो, आणि पुठ्ठ्यावर तसं काही लिहिलेलं मला दिसत नाही. आपल्याकडे कॉपीराइट हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं, म्हणजे २०५४ संपेपर्यंत तो त्यांच्या वारसांकडे. आणि त्याच कायद्यात एक कलम आहे जे विकणारे सोयीस्करपणे विसरतात, की मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातला हिस्सा मागता येतो, कमाल १० टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्षात मागणारे विरळाच, पण करारात लिहून ठेवा की असा दावा आला तर कोण देणार. माझं मत विचाराल तर चित्रकाराच्या घरी एकदा जाऊन या. त्यांच्याकडे जुने फोटो, डायऱ्या असतात, आणि तुमच्या बाबांच्या दुकानाचं नाव कुठेतरी निघेलही. फक्त चित्र सोबत नेऊ नका, फोटो न्या.

लक्ष्मी. रवी वर्माचा छापखाना १८९४ ला तुमच्याच गिरगावात सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी, सरस्वती घराघरांत गेल्या. तुमच्याकडची बहुतेक त्यातली छापील प्रत आहे, किंवा नंतर कोणीतरी छापलेली. भिंग घेऊन साडीच्या काठावर धरा. सारखे, ओळीत बसलेले बारीक ठिपके दिसले तर हल्लीचं ऑफसेट, वेडेवाकडे दाणेदार ठिपके असतील तर जुनी लिथो, म्हणजे दगडावरून छापलेली प्रत, असू शकते, तिला संग्राहक पैसे देतात पण ते चित्राचे नाही, प्रिंटचे. 'ओरिजिनल' म्हणून फुकटात हवा भरणं आणि ससून डॉकवरून तुमचं लक्ष काढणं, मला तर तेवढंच दिसतं त्यात.

बहिणीला लक्ष्मी नेऊ नको म्हणा मात्र. शंभर वर्षं झालेली कलावस्तू पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, जुनी लिथोही त्यात मोडू शकते. ससून डॉक १९६८ चं, आणि तुमचे चित्रकार त्या नऊ जणांच्या यादीत नाहीत ज्यांची चित्रं वय न बघता राष्ट्रीय ठेवा धरतात, रवी वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, टागोर मंडळी वगैरे. तेव्हा ते नेता येईल, कस्टमला शंका येऊ नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून ते पुरातन नसल्याचा दाखला आधी घ्या, विमानतळावर जाऊन हुज्जत नको. तुम्ही तिघांनी आपापला वाटा तिला प्रेमाने दिलात तर सख्ख्या नात्यात गिफ्टवर टॅक्स नाही. तिने पैसे देऊन घेतला तर ती विक्रीच. आणि आईला कोणी विचारलंय का? अख्ख्या पत्रात आईला काय वाटतं ते एका ओळीत नाहीये. चौथा हिस्सा तिचा आहे आणि १९६८ ला दुकानात ते चित्र आलं तेव्हा तिथे असलेली आता तीच एक उरलीये. काय झालं होतं, चित्रकार काय बोलले, बाबा घरी येऊन काय म्हणाले, हे तिच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख सांगून.

पण त्याच्या आधी त्या तीन गोण्या. रविवार परवा आहे.